नत्थुजी पैलवानाला कोणी हरवलं

पातूर सोडून सात मैल होत नाहीत तोच, चिंचखेडच्या फाट्यावर, किसनरावांच्या मोटारीचं मागचं डावं चाक फुस्स करून बसलं. तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि मैनाची मुलाखत अकोल्याला बारा वाजता होती.

मोटार घरात येऊन तीनच आठवडे झाले होते. धामणगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून ती किसनरावांनी घेतली होती. काळी, विलायती, आणि इतकी लांब की पातूरच्या गल्लीत वळताना लोकांना ओसरीवरच्या बाजा आत घ्याव्या लागत. दोन पिढ्या फुलांच्या मळ्यात राबल्यावर दारात मोटार उभी राहिली होती. किसनराव तिच्याकडे अजूनही पाहुण्यासारखे बघत. हॉर्न वाजवण्याआधीसुद्धा जरा घसा खाकरत.

मळ्याला लागून डोमाजींचं शेत. त्यांची मैना मॅट्रिक झाली होती. त्यांच्या वस्तीतली ती पहिलीच मुलगी. तालुक्याचा कारभार बघणाऱ्या जनपदाच्या शाळांसाठी मास्तरणी नेमायच्या होत्या. बापलेक सकाळच्या बसने निघाले होते, पण किसनरावांनी त्यांना स्टँडवरून हात धरून परत आणलं. "आपली गाडी असतानी बसनं काहून जाता? साहेबासारखी उतरन पोरगी!"

ती बस आता अकोल्याच्या निम्म्या वाटेवर असणार होती. दुसरी दुपारी दोनला.

"घाबरू नका," किसनराव खाली उतरत म्हणाले. "स्टेपनी हाये, जॅक हाये, पाना हाये. पाच नट खोलाचे. पाच मिन्टाचं काम."

त्यांनी पाना नटाला लावला आणि जोर केला. नट हलला नाही. पान्यावर पाय ठेवला. नट हलला नाही. पान्यावर उभे राहिले, तेव्हा नट नाही पण धोतराचा सोगा सुटला. डोमाजींनी करून पाहिलं. मग दोन बैलगाड्या थांबल्या. गाडीवाल्यांनी मिळून करून पाहिलं. जो येई तो आधी मोटारीभोवती एक चक्कर मारी, काचेत तोंड पाही, आणि मग बाह्या वर सारी.

किसनरावांच्या पत्नी दुर्गाबाई अकोल्याच्या बाजारात न्यायच्या झेंडूच्या टोपल्या घेऊन मैलाच्या दगडावर बसल्या होत्या. मैना शेजारी उभी राहून जिल्ह्यातल्या नद्यांची नावं पुटपुटत होती. तिचा आवाज माणसागणिक बारीक होत चालला होता.

"हे आपल्या मानसाचं काम नाही," एक गाडीवाला घाम पुसत म्हणाला. "नत्थुजीले बलावतो."

नत्थुजी पैलवान चिंचखेडचे. त्यांनी एकदा विहिरीत पडलेलं गोऱ्हं एकट्यानं वर काढलं होतं. ते आले तेव्हा त्यांच्यामागे अर्धं गाव आलं. त्यांनी मोटारीला नमस्कार केला, मग पान्याला केला, दंड थोपटले आणि पाना धरला. मानेवरच्या शिरा सुतळीसारख्या उभ्या राहिल्या. चाकातून 'कर्रर्र' असा आवाज आला.

"हालला! हालला!" गाव ओरडलं.

नत्थुजींनी पाचही नटांना तसंच कर्रर्र वाजवलं. पण हाताने फिरवायला जावं तर एकही नट फिरेना. लोक आता पैलवानाकडे नव्हे, नटाकडे आदराने पाहू लागले. असं लोखंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

"विलायतचा माल हाये," किसनराव म्हणाले. एवढ्या संकटातही त्यांच्या आवाजात अभिमान डोकावला.

"मी काय म्हन्ते," दुर्गाबाई दगडावरूनच बोलल्या.

"तू गप बस."

"गपच हाव मघापासून. त्या नटावर चिखलाची रेघ हाये. मघा थे वरतं होती, आता बाजूले आली. नट फिरून राहिला."

"फिरून राहिला मंजे सुटून राहिला!"

"मंग ढिला काहून नाही होऊन राहिला?"

मैनाच्या नद्या थांबल्या. ती चाकाशी उकिडवी बसली, आणि मुलाखतीसाठी धुऊन इस्त्री केलेल्या पदराने तिने बोल्टाचं टोक पुसलं.

"काका, याच्यावर अक्षर हाये. एल."

"असन. एल मंजे लोखंड," किसनराव म्हणाले.

मैना उठून मोटारीच्या पलीकडे गेली. तिकडून तिचा आवाज आला, "इकडच्या बोल्टावर आर हाये!"

"आर मंजे रबर! आता नको वेळ घालवू, पोरी."

"काका, रबराचा बोल्ट कसा असन? लेफ्ट आन् राइट आहे थे. डावं आन् उजवं."

डोमाजी एकदम दोन पावलं पुढे आले. "अरे बापा! माह्या सायकलचा डावा पायडल उलटाच खुलते. त्याचे आटेच उलटे असते. मंग हे डावं चाकही..."

नत्थुजी हातातल्या पान्याकडे बघत होते.

"मंजे मी एवढा वेळ..."

"घट्ट करून राहिले होते, मामा," मैना हळूच म्हणाली.

कोणीतरी हसलं. नत्थुजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसं ते हसू तिथेच संपलं. मग त्यांनी पाना लावला आणि उलट्या बाजूने जोर केला. पुन्हा केला. मातीत पाय रोवून, डोळे मिटून तिसऱ्यांदा केला. नट जागचा हलला नाही. नत्थुजी मागे सरले आणि त्या नटाकडे डोळे विस्फारून बघत राहिले.

"बाप्पा! काय ताकद हाये या मानसाची!"

"कोनाची?" डोमाजींनी विचारलं.

"माही!"

शेवटी विहिरीवरच्या इंजिनाचा सहा फुटी लोखंडी पाइप आला. तो पान्याच्या दांड्यावर चढवला. नत्थुजी टोकाला, गाडीवाले मधे, किसनराव आणि डोमाजी उरलेल्या जागेत. "उजवीकडं!" मैना ओरडली. "समदे उजवीकडं! एक, दोन..." बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. झाडावरचे कावळे उडाले, पाच माणसं एकावर एक पडली, आणि नट सुटला. नत्थुजींनी तो बोटांनी फिरवून काढला, तळहातावर घेतला आणि गावातल्या एकेकाला दाखवला. लोकांनी तो देवळातल्या अंगाऱ्यासारखा पाहिला.

बाकीचे चार निघेपर्यंत अकरा वाजले. स्टेपनी बसवून मोटार सुटली ती अकोल्यातच थांबली. मैना कचेरीत पोचली तेव्हा सव्वाबारा झाले होते. पदर काळा, हात काळे. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि उशिराचं कारण विचारलं. तिने सांगितलं. साहेबांनी दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा शेजारच्या खोलीतल्या कारकुनांनाही बोलावलं. नद्या कोणी विचारल्याच नाहीत.

जूनमध्ये नेमणुकीचं पत्र आलं. शाळा चिंचखेडची. तिथे मास्तर टिकत नव्हते, कारण मुलंच टिकत नव्हती. पण मैना रुजू झाली त्या दिवशी नत्थुजी दोन पोरं खांद्यांवर आणि दोन काखेत घेऊन दारात हजर झाले. "मास्तरीणबाई, हे घ्या. बाकीचे आनतो." आठवड्याभरात पट चाळीसवर गेला. पोर पाठवायला कोणी कुरकुर केली, की नत्थुजी त्याच्या ओट्यावर जाऊन बसत. "मी उभ्या जन्मात एकदाच हरलो," ते सांगत, "आन् ते मैनासमोर. भल्ली ताकद हाये गा तिच्यात! तू कोन टिकोजी?"

बाजाराबाजारांतून ही गोष्ट फिरत फिरत मूर्तिजापुरापर्यंत गेली. वाटेत नट गळाला, पाइप गळाला; उरलं एवढंच, की नत्थुजीला चीत करणारं कोणी मैना नावाचं चिंचखेडात आहे.

पोळा झाल्यावर एका सकाळी मूर्तिजापूरचे देवीदास पैलवान चिंचखेडात उतरले. डोक्याला फेटा, बरोबर दोन पठ्ठे आणि एक डफवाला. "मैना पैलवान कुठं राह्यते?" त्यांनी पारावर विचारलं. पारावरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी मिळून शाळेकडे बोट दाखवलं.

देवीदास शाळेच्या दारात उभे राहिले. आत चाळीस पोरं एका आवाजात पाढा म्हणत होती. समोर एक काडीसारखी मुलगी हातात खडू घेऊन उभी होती. मागच्या रांगेत, पोरांच्या मधोमध मांडी घालून, पाटीवर जीभ चावत काहीतरी गिरवत बसले होते खुद्द नत्थुजी.

मैनाने वळून पाहिलं. पाढा थांबला.

"काय काम हाये?"

नत्थुजींनी पाटीवरून मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

देवीदासांनी डफवाल्याला हातानेच मागे सारलं. पायातल्या वहाणा काढल्या, फेटा सारखा केला.

"काही नाही, बाई," ते म्हणाले. "पोराचं नाव घालाचं होतं."

त्यांचं अजून लग्न व्हायचं होतं.