घर सुयोग्य माणसास देणे आहे

घर पूर्ण होणं आणि घर सोडावं लागणं या दोन गोष्टी माणसाच्या आयुष्यात साधारण एकाच सुमारास घडतात. यामागचं कारण शास्त्राला अजून सापडलेलं नाही. (सुतारांना सापडलं आहे, पण त्यांचा शेवटचा हात मारायचा राहिला असल्यामुळे ते बोलत नाहीत.) ‘घर पाहावं बांधून’ असं जुनी माणसं सांगून गेली. ते सोडूनही पाहावं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ती उणीव आमच्या शेजारच्या काकांनी भरून काढली.

काका वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. म्हणजे खात्यातून झाले होते, तपासणीतून नव्हे. त्यांच्या खिशात कायम एक पाणसळ असे. फळी सपाट आहे की कललेली, हे आतल्या बुडबुड्यावरून सांगणारी गवंड्याची पट्टी ती हीच. लोकांच्या खिशात चष्मा असतो, किल्ल्या असतात. काकांच्या खिशात बुडबुडा होता. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना पाणसळकाका म्हणे. कोणाच्या घरी चहाला गेले तरी ते आधी टेबलावर पाणसळ ठेवत आणि मग कप. आमच्या टेबलाबद्दल त्यांनी जे मत दिलं, ते ऐकून ते टेबल आम्ही विकून टाकलं.

हे घर त्यांनी घेतलं तेव्हा ते पडकं होतं असं काका म्हणत. (गल्लीतल्या इतरांना ते घरासारखं वाटत असे.) त्यानंतर काका आणि काकूंनी मिळून जे केलं, त्याला डागडुजी म्हणणं म्हणजे बाळंतपणाला पोटदुखी म्हणण्यासारखं आहे. जिन्याचा कठडा काकांनी स्वतः पॉलिशपेपरनं घासला. इतका, की त्यावर हात ठेवला तर तो आपोआप खाली घसरायचा आणि पाठोपाठ माणूसही. न्हाणीघरातल्या फरशा अशा बसवल्या, की एकही कापलेला तुकडा दिसू नये. त्यासाठी न्हाणीघर थोडं अरुंद करावं लागलं, पण अंघोळ काय, उभ्यानंही होते. बैठकीच्या भिंतीचा रंग काकूंनी अनेक डबे मिसळून तयार केला होता. पाहुणे त्याला पांढरा म्हणत आणि काकू त्या पाहुण्यांना दुसरा कप विचारत नसत.

वरच्या मजल्यावर एक खोली लेकीची, एक नातीची. दोन्ही कायम तयार. दोन्ही कायम रिकाम्या. लेक, जावई आणि नात दूरच्या गावात राहत. ती मंडळी येत तेव्हा नेमकं कुठलं तरी लाकूड तासायला घेतलेलं असे, नातीला धुळीनं शिंका येत आणि मुक्काम आटोपता घ्यावा लागे. आमच्या गल्लीत केलेल्या पाहणीनुसार (पाहणी मी केली, खिडकीतून) सर्वांत सुंदर खोल्या त्याच असतात, ज्यांत कोणी झोपत नाही.

मग एक दिवस काकांनी शेवटचा खिळा ठोकला, सगळीकडे पाणसळ फिरवली आणि जाहीर केलं, “झालं.” त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला.

“बाबा, आमच्या मागच्याच गल्लीत एक जागा रिकामी झालीय. दोनच खोल्या आहेत, पण मालक भला माणूस आहे. या की तुम्ही दोघं.”

काकांनी विचारलं, “जमीन सपाट आहे का?”

काकूंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, “येतो.”

काकूंची बाजू मला त्यांनीच सांगितली, कपडे वाळत घालता घालता, आमच्या सामाईक कुंपणापाशी. “हे बघा भाऊ, मला बाकी काही नको. मला तिच्या वेण्या घालायच्यात. आता केस खांद्याखाली आलेत तिचे. आज ना उद्या स्वतःच घालायला शिकेल, मग कोण बसतंय आजीसमोर पाठ करून? कठडा काय, मी गेले तरी तसाच राहणाराय.” एवढं बोलून त्यांनी चिमटा अशा काही जोरानं लावला, की दोरी बराच वेळ हलत होती.

तेव्हा जायचं ठरलं. काकांनीही मान्य केलं. त्यांची अट एकच होती: घर सुयोग्य माणसालाच द्यायचं. सुयोग्य म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक तोंडी परीक्षा तयार केली. निवड समितीवर काका स्वतः अध्यक्ष, आणि तटस्थ सदस्य म्हणून मी. (मला मताधिकार नव्हता. खुर्ची होती.) ही पद्धत मला इतकी आवडली, की सरकारनं ती सर्वत्र लागू करावी असं मी सुचवणार होतो, पण मग कोणालाच घर मिळालं नसतं, म्हणून देशहितासाठी गप्प बसलो.

परीक्षेचं स्वरूप साधारण असं होतं:

घरात पाऊल टाकल्यावर उमेदवाराचं पहिलं वाक्य काय? (‘किती स्क्वेअर फूट?’ असल्यास पाणी पाजून रवानगी.)

स्वयंपाकघरातला खालचा खण बंद करून दाखवणे. (आवाज आल्यास नापास. न आल्यास पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी नशीबही असू शकतं.)

मागच्या खोलीची खिडकी उघडणे. ही खिडकी जरा मानी होती. नुसती ओढली की अडून बसे.

बैठकीच्या भिंतीचा रंग ओळखणे. (‘पांढरा’ म्हणणाऱ्यास दाराचा रंग विचारण्यात येईल आणि दार दाखवण्यात येईल.)

आणि शेवटी, ‘तुम्ही यात काय बदल कराल?’ हा प्रश्न. त्याचं उत्तर जगात एकच होतं.

उमेदवार येऊ लागले. पहिले एक निवृत्त न्यायाधीश आले. खण, खिडकी, सगळं रीतसर पार पडलं. पण निघताना बूट घालण्यासाठी त्यांनी भिंतीला हात टेकला. काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला आणि न्यायाधीशांना आयुष्यात पहिल्यांदा अपील नसलेलं न्यायालय बघायला मिळालं. मग एक नवरा-बायको आले. त्यातला नवरा उत्साहानं म्हणाला, “ही मधली भिंत काढली ना, तर हॉल काय मोठा होईल!” काका आत जाऊन पडले. त्या जोडप्याला चहा मीच दिला. त्यानंतर आलेल्या शिक्षिकाबाईंना घर इतकं आवडलं, की कठड्यावरून हात फिरवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं, जमलं. काका म्हणाले, “इतकी हळवी बाई. नळ गळायला लागला तर दोघं मिळून गळतील.” नापास.

एजंट बिचारा जेरीला आला. सुरुवातीला तो घराचं कौतुक करायचा, मग उमेदवारांचं करू लागला, शेवटी देवाचं नाव घेऊ लागला. एकदा फाटकापाशी मला म्हणाला, “घराला गिऱ्हाईक आहे हो ढीगभर. काकांना गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे.”

आकडेवारी सांगायची तर आलेल्यांपैकी नापासांचं प्रमाण शंभर टक्के होतं, आणि काकांच्या मते दर्जा टिकवायचा तर ते याहून खाली आणणं बरं नव्हतं. तिकडे दोन खोल्यांचा भला मालक ‘अजून किती थांबू?’ असं विचारू लागला. भला माणूस झाला म्हणून काय झालं, त्यालाही पोट असतंच.

अशातच एका संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होतो, माझ्या खुर्चीत. “आजी, बघ,” असं म्हणून ती पाठमोरी झाली. एका बाजूला केसांचं काहीतरी गुंतवळ होतं आणि त्यावर रबर. “मी घातली. माझी मी. थोडी थोडी जमायला लागलीय.”

“छान गं बाई,” काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी काकांकडे असं पाहिलं, की त्यांच्या खिशातला बुडबुडाही जागचा हलला असावा. मला तेव्हाच कळलं, की आता काहीतरी बेकायदेशीर घडणार.

पुढचा उमेदवार दातांचा डॉक्टर होता. तरुण, हसरा, नुकतंच लग्न झालेला. वास्तविक ज्याचा धंदाच आधीच्यानं भरलेलं उकरून पुन्हा भरण्याचा, त्याला घरात घेताना विचार करायला हवा होता. पण त्यानं दारातच बूट काढले आणि म्हणाला, “किती शांत वाटतं हो इथं.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे. डॉक्टरनं खण दोनदा मिटवला, आवाज नाही. भिंतीसमोर उभा राहून, मान तिरकी करून म्हणाला, “हा रंग पांढरा नाही. दुधात चहाचा एक थेंब पडावा, तसा आहे.” खिडकीपाशी गेला, चौकटीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, “हिला आधी गोंजारावं लागतं, मग ऐकते.” खिडकी उघडली. शेवटच्या प्रश्नाला तर त्यानं कानांच्या पाळ्यांना हात लावले. “बदल? काका, आम्ही अगदी असंच ठेवू.”

स्वयंपाकघरात काकू कपबश्या विसळत होत्या. गरजेपेक्षा जास्त वेळ.

परीक्षा कडक असली तरी पेपर फुटू शकतो, हे मी कुठल्याही संस्थेच्या विरोधात बोलत नाही. फुटलेल्या पेपरानं जेवढी माणसं मार्गी लागली, तेवढी शिकवणीनं लागली नाहीत, असं माझं प्रामाणिक मत आहे. आदल्या दुपारी काकू कुंपणापाशी फोनवर कोणाला तरी हळू आवाजात ‘दुधात चहाचा एक थेंब, विसरू नका’ असं सांगत होत्या, ते मी ऐकलं होतं. समितीचा तटस्थ सदस्य म्हणून मी तटस्थ राहिलो.

काकांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग उठले, डॉक्टरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पास.”

जाण्याच्या दिवशी काकांनी डॉक्टरला घर शिकवलं. कठड्याला तेल कधी लावायचं, खिडकीला काय म्हणायचं, कुठल्या पायरीवर कसा पाय द्यायचा. डॉक्टर प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. काकू केव्हाच टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या होत्या आणि मांडीवर कंगव्याचा डबा होता.

मग आठवडाभरानं सकाळी आमच्या घरातल्या कपबश्या थरथरल्या. खिडकीतून पाहिलं, तर शेजारी दोन माणसं पहार घेऊन मधल्या भिंतीशी भिडलेली. हॉल मोठा होत होता. दुपारपर्यंत खण अंगणात आले, संध्याकाळपर्यंत खिडकी. तिला कोणी गोंजारलं नाही. तिच्या जागी सरकती काच आली. कठड्याऐवजी स्टीलचे पाइप लागले आणि दुधातला तो एक थेंब कायमचा पुसला गेला. आता भिंत खरोखरच पांढरी आहे.

काकांचे फोन येत. “सगळं बरं?” मी म्हणे, “उत्तम.” (पहार चालू असतानाचा एक फोन मी घेतला नाही. ऐकू आलं नाही असं नंतर सांगितलं, आणि ते एका अर्थी खरंच होतं.)

शेवटी मला त्या गावी जायचा योग आला. खोटं बोलायची पूर्ण तयारी करून मी त्या दोन खोल्यांच्या दारात उभा राहिलो. दार काकांनी उघडलं. आतली जमीन सपाट नव्हती, हे मलाही दिसलं. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा होता. भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत खडूनं काढलेले घोडे, मांजरं आणि एक चौकोनी आजोबा. खाटेच्या कडेला काकू आणि त्यांच्यासमोर पाठ करून नात. एक वेणी झाली होती, दुसरीचे पेड हातात होते. नात कुरकुरत होती, “आजी, ओढू नकोस ना,” आणि काकू ओढत होत्या. इतकं सुखी माणूस मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

काकांनी मला बसवलं, चहा दिला आणि आवाज खाली आणून विचारलं, “काय काय पाडलं?”

मी कप खाली ठेवला. “कोणी?”

“अहो, सांगा. मधली भिंत गेली ना?”

“गेली.”

“खिडकी?”

“तीही.”

काका हसले. अगदी मनापासून. “हिनंच त्याला शिकवलं होतं, हे मला तिथंच कळलं. खिडकीला गोंजारावं लागतं, असं जगात एकच बाई म्हणते. चाळीस वर्षं ऐकतोय.”

“मग पास कसं केलंत?”

त्यांनी खाटेकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या वेणीला रबर लागत होतं. “हे रोखून धरणारा मी कोण? जायचं तर होतंच. पाडणारा निदान आधी चार शब्द गोड बोलावा, एवढीच इच्छा होती. बोलला तो. फार छान बोलला.” मग ते जरा पुढे सरकले. “आणि त्यानं आठवडाभर तरी दम धरला. आमच्या आधीच्या मालकीणबाई होत्या ना, त्यांनी मोरीतल्या हिरव्या फरशा स्वतः बसवून घेतल्या होत्या, एकेक निवडून. मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, ‘जिवापाड जपीन.’ त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली, आणि मी पहार मागवली.”

तुम्हाला हे ऐकून काकांचा राग आला असेल, किंवा डॉक्टरचा. येऊ द्या. राग ओसरला की मान वर करून जरा समोरच्या भिंतीकडे बघा. तिचा रंग तुम्ही किती दुकानं पालथी घालून निवडलात, आणि त्याखाली कोणाचा रंग आहे, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. त्यावर पहार चालवणारा माणूसही एक दिवस येईल. फार सज्जन असेल. बूट दारात काढेल, भिंतीवरून हात फिरवेल आणि म्हणेल, “अगदी असंच ठेवू.” त्याच्यावर खुशाल विश्वास ठेवा. तुम्ही म्हणालात, तेव्हा तुमच्यावरही कोणीतरी ठेवला होताच.