पिवळ्याच्या बाजूने

पिवळा हा जगातला एकमेव प्रामाणिक रंग आहे. लाल चिडका, निळा उगाच गंभीर, पांढऱ्याला तर सतत मळण्याची धास्ती. पिवळा आला की घरभर पसरतो आणि आल्याचे लपवत नाही. माझे हे मत त्या रविवारी गरजेपेक्षा जास्तच सिद्ध झाले.

त्या दिवशी नाचणगावचे बापूराव बहिणीला, धुरपताबाईंना घेऊन आमच्याकडे नालवाडीला येणार होते. माझा पुतण्या अनुप आणि बापूरावांची मुलगी नंदिनी एकमेकांना पसंत होती. पोरीकडच्यांनी घर पाहणे तेवढे उरले होते. निघताना पाहुण्यांना वायगावची हळद द्यायची, तीही घरी दळलेली, असे मी ठरवले.

"चक्कीवर द्या नं," माझी बायको वच्छला म्हणाली. "मिक्सरचं झाकण ढिलं हाय."

"मी धरतो झाकण."

धरलेही. मग रंग कसा उतरला ते पाहायला, मिक्सर चालू असतानाच, हात काढला. वर पंखा गरगरत होता. समोर अनुप, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"काका, आता काय करू?" पिवळ्या अनुपने विचारले.

"साबण लाव."

साबण लागला की हळद लाल होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. वच्छलेने सांगितले, पण नंतर. अनुप न्हाणीतून निघाला तो पिवळ्या कानांचा, लाल छातीचा. दारात पाहुणे.

धुरपताबाईंनी चप्पलही काढली नाही. "बापू, पोराले तं हळद लागून गेली. कुंकूबी सांडलं. दुसरीकडं लगन लावून राह्यले हे लोक."

"नाही हो बाई," मी म्हणालो, "हा लग्नाचा पिवळा नाहीच."

बापूरावांचा चेहरा पडला. "मंग कावीळ हाय का?"

शेवटी वच्छलेने मिक्सरच आणून दाखवला. धुरपताबाईंनी खिडकीवरची चिमूट उचलली, हुंगली. "हळद मात्र असली हाय."

निघताना बापूराव म्हणाले, "पोराचं घरी इचारून कळवतो." हळदीचे घरी विचारावे लागले नाही. वाचलेला डबा ते सोबतच घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आम्ही तिघेही धावलो.

"भाऊ, हळद सरली. नंदिनी म्हणते, अजून धाडा. पोराच्याच हातानं धाडजा."

अनुप डबा घेऊन सकाळी गेला. तिन्हीसांजेला मीच त्याला फोन केला, तर म्हणे, जेवायला थांबवून राह्यले.

"पाहा, पिवळा कधी दगा देत नाही," मी वच्छलेला म्हणालो.

"म्हणूनच तं काळा शर्ट घालून गेला तो," ती म्हणाली.