रघूभावजींची रेड

रघूभावजींचा हात कोपरापर्यंत म्हशीच्या पोटात होता, रेडकाचा एक पाय आत दुमडून अडकला होता, आणि भावजींचा मोबाईल माझ्या हातात होता. मोबाईलमध्ये घराएवढा राक्षस आग ओकत होता.

"वैनी, हिरवं बटण दाबा!"

"म्हशीचं बगा आदी!"

"तिचंच बगतुय. तुमी दाबा, न्हाईतर तिकडं माणसं मरत्याल!"

म्हैस माझी. घरात दुसरं दुभतं नाही. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. भावजींचा जन्म भोरच्या गुरांच्या दवाखान्यात शिपाईगिरीत गेला, म्हणून मी त्यांना ओट्यावरून ओढून आणलं. खेळ बंद करायलाही उसंत दिली नाही.

हे माझे चुलत दीर. गडाच्या पायथ्याला, पालीजवळ आमची घरं लागून आहेत. वय बासष्ट, घरात एकटेच. गडावरून उतरताना पाय मुरगळलेल्या एका ट्रेकरने यांच्याकडे दोन दिवस मुक्काम केला आणि जाताना हा खेळ लावून दिला. दहा जणांनी मिळून राक्षसाच्या गुहेवर चाल करायची, त्याला रेड म्हणतात. पहिल्यांदा ते म्हणाले, "वैनी, आज चारला रेड हाय," तेव्हा मी रेडा समजले. म्हैस माजावर होती. तिला धुऊन यांच्या दारात नेऊन बांधली. चार वाजता हे मोबाईल घेऊन बसले. म्हैस बिचारी अंधार पडेपर्यंत वाट बघत होती.

रेडमध्ये बाकीच्यांकडे तलवारी, यांच्याकडे नुसती काठी. यांचं काम मारायचं नाही, जखमी होईल त्याला औषध द्यायचं. आणि सारखं ओरडायचं, "मागचं आलं का?" ही खोड खेळाबाहेरही आहे. आंबवड्याच्या लग्नाहून येताना यांनी टेम्पो तीनदा थांबवून माणसं मोजली. शेवटी मागे राहिले ते हेच. मोजायला खाली उतरले होते.

मला नवल वाटायचं. रोज तोच राक्षस, रोज तीच गुहा. एकदा विचारलं, "ह्यातलं ध्येनात काय ऱ्हातं वो?"

"जिकल्याली न्हाई ऱ्हात. ती आंगुळीवानी, झाली की गेली. कोन कुनासाठी थांबलं, ती रेड ऱ्हाती."

तर त्या दिवशी मोबाईलमधून नाशिकची एक मुलगी ओरडली, "डॉक्टरकाका, कुठे आहात? औषध!"

मी म्हणाले, "काका म्हशीत हायती."

मग एकाने हळूच विचारलं, "ही कुठली लेव्हल?"

"लेव्हल न्हाई रं बाबा. माजी म्हैस अडलीया. पाय अडकलाय रेडकाचा. तुमी तुमचं बगा."

एक जण म्हणाला, "काका हलत नाहीत. पळा, आपण तरी वाचू."

"कुणी पळायचं नाही," मुलगी म्हणाली. "काकांभोवती उभे राहा."

आणि ती नऊ माणसं खरंच यांच्या काठीवाल्याभोवती कडं करून उभी राहिली. आग आली की एक जण पडे. उरलेले सरकून त्याची जागा भरत. मधेच कुणी विचारी, "आजी, पाय सापडला का?"

"न्हाई अजून."

"काकांना म्हणावं, घाई नको."

भावजींना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मोकळ्या हाताच्या बाहीने डोळे पुसले. कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता, असं नंतर म्हणाले.

मी हिरवं बटण दाबत राहिले. ते औषध दुसऱ्या कुणाला नव्हे, भावजींच्याच काठीवाल्याला लागत होतं, हे मागाहून कळलं. मला कोण सांगणार?

एकदाचा पाय वळला. म्हशीने कळ दिली आणि रेडकू बाहेर आलं, पण हलेना. भावजींनी त्याचं नाक पुसलं, नाकात फुंकर मारली, गवताच्या मुठीने अंग चोळलं. मग ते शिंकलं.

"रेडी झाली!" मी मोबाईलमध्ये ओरडले.

तिकडे मेलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. राक्षसाला कुणी मारलं नव्हतं. वेळ संपली तसा तो गुहेत निघून गेला.

भावजींनी हात धुतले, मोबाईल घेतला आणि बराच वेळ त्यात बघत उभे राहिले. मीही डोकावले.

गोठ्यात म्हैस जगली, रेडी जगली. मोबाईलमध्ये नऊ मेले, भावजी जगले.