कपाट हलवायचा निर्णय

घर कोणाच्या तरी हुकमावर चाललं, तरच ते घर, असं हेडक्लार्कांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बायकोला विचारूनच बनवलं होतं.

पण आदल्या दिवशी ऑफिसात साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, तुमच्या घरी शॉट्स कोण कॉल करतं?" म्हणजे शब्द कोणाचा चालतो! अख्खं ऑफिस हसलं. हेडक्लार्क पडेल चेहऱ्याने घरी आले, ते उद्या आपलाच शब्द चालवायचा, असं मनाशी ठरवूनच.

आज त्यांचे वडील, आण्णा, हॉस्पिटलातून घरी यायचे होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. आण्णांचं मागणं एकच : खाट खिडकीशी लावा, जरा उजेड दिसू दे. खिडकी मागच्या खोलीत, आणि तिच्यासमोर बायकोच्या माहेरचं लाकडी कपाट, बसलेल्या हत्तीसारखं!

दोन हमाल आले. सवयीने त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघता? इथे मी सांगतो! मी आतून रेटतो, तुम्ही बाहेरून ओढा!"

"अहो, त्या कपाटाचं ना..."

"आज तू एक अक्षर बोलायचं नाही!"

ती खरंच गप्प बसली. हेडक्लार्कांना जरा भीतीच वाटली.

"तिरकं घ्या! अजून तिरकं! हां, ओढा!"

कर्रर्र! कपाट दारात बसलं ते बुचासारखं. त्याची दारं चौकटीला घट्ट चिकटली. कपाट अर्धं आत, अर्धं बाहेर. हेडक्लार्क पूर्ण आत.

"साहेब, आता?"

"ओढा!"

"हलत नाही."

"मग ढकला!"

"तुम्ही चेंगराल की!"

तेवढ्यात खाली ॲम्ब्युलन्स थांबली. आण्णांची खाट स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी टाकावी लागली. खिडकीशी एकटे हेडक्लार्क. बाहेर दिवस कलायला लागला होता.

"आत कोण आहे रे?" आण्णांचा क्षीण आवाज आला.

"मी, आण्णा."

"काय दिसतंय?"

हेडक्लार्क खिडकीकडे वळले. "आभाळ... समोरच्या गच्चीवर कपडे वाळताहेत."

"सांगत राहा."

ते सांगत राहिले. कपडे दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी फटीला तोंड लावलं. "अगं, काय करू?"

"बोलू का?"

"बोल गं बाई!"

"ते कपाट सुटं करता येतं. माहेरून आलं ते सुटंच आलं होतं. तुमच्या बाजूला चार स्क्रू आहेत बघा. स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलात?"

स्क्रूड्रायव्हर कपाटात होता. तो तिथे ठेवायचं मात्र हेडक्लार्कांनी, कोणालाही न विचारता, स्वतः ठरवलं होतं.