केळकरकाकांचा बर्फ

लीड्समधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या गॅरेजमध्ये गाड्या होत्या. केळकरकाकांच्या गॅरेजमध्ये चेस्ट फ्रीझर होता, एक बाथटब होता आणि महिन्यातल्या एका रविवारी त्या टबात, बर्फावर डोळे मिटून पडलेला एखादा गोरा माणूस असे. त्याची तालीम चाललेली असे. मरायची.

काका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना झोपवून परत उठवलं, तेव्हा मधली झोप जरा लांबवता येईल असं त्यांच्या मनानं घेतलं. मेल्याबरोबर देह गोठवायचा आणि विज्ञान पुढं गेलं की उठायचं, असं मानणाऱ्या मूठभर लोकांचं मंडळ त्यांनी ऐंशीच्या दशकात काढलं. "थंडीत काही नासत नाही," हे त्यांचं पालुपद. चहा गार झाला अशी तक्रार केली तरी तेच ऐकावं लागे. मी सभासद नव्हतो. पण शेजारी असल्यामुळं आणि काकू पोहे फार छान करत असल्यामुळं बहुतेक तालमींना हजर असे.

मंडळाचा नियम एकच. कोणी गेलं की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून बर्फ घेऊन धावायचं. "ह्यात परोपकार बिरोपकार काही नाही हं," काका मला बजावत. "प्युअर सेल्फिशनेस! आज मी त्याच्यासाठी गेलो नाही, तर उद्या माझ्यासाठी कोण येईल?" जो येणार नाही, तो बाद. एकाला टेस्ट मॅच बघत बसला म्हणून काढलं. दुसरा स्पेनला सुट्टीवर होता. त्यानं परत येऊन सगळ्यांना वाइन पाजली, ती पिऊन झाल्यावर त्यालाही काढलं. सगळ्यांत पहिली हकालपट्टी मात्र काकूंच्या खवलेल्या नारळाची झाली. फ्रीझरमध्ये बर्फाला जागा हवी होती.

काकूंना थंडी मुळीच सोसत नसे. मे महिन्यातही मोजे आणि शाल. रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी भरून देणं हे काकांचं काम. मंडळात ये म्हणून काका सारखे त्यांच्या मागं लागत. "अहो, लीड्सच्या थंडीतून मला मेल्यावर तरी सोडवा," काकू म्हणत. "मला आपलं छान गरमागरम जाळा." काका हिरमुसून गॅरेजमध्ये जात.

मग काकूंना न्यूमोनिया झाला. काकू वॉर्डात असताना एका दुपारी कॉव्हेंट्रीला मंडळाचा एक सभासद वारला. सगळे धावले. काका गेले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा ते काकूंचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले होते. "गार पडलेत रे," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात काकू गेल्या. काकांनी त्यांच्या इच्छेप्रमाणं सगळं केलं.

पुढच्या बैठकीत काकांनी स्वतःच्याच हकालपट्टीचा ठराव मांडला. एकही हात वर होईना. डेरेक नावाचा प्लंबर म्हणाला, "डॉक्टर, तुमचं कारण आम्हाला समजतं. शिवाय तुम्ही बाहेर पडलात तर आमच्या वेळेला गोठवण्याच्या सुया कोण टोचणार?"

काका भडकले. "माझ्यासाठी आज नियम मोडलात तर उद्या प्रत्येकाची बायको आजारी पडेल!" एकेकाकडं रोखून बघत त्यांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "काका, आता तुमच्या वेळेला कोण येणार?"

त्यांनी फ्रीझरचं झाकण उघडलं. बर्फ सगळा काढून टाकला होता. तळाशी आइस्क्रीमचा एक जुना डबा आणि त्यात खवलेला नारळ.

"आजारी पडायच्या आधी खवला होता तिनं," ते म्हणाले. "म्हणाली, एवढ्याला तरी जागा द्या."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वापरून टाकायला हवा ना आता?"

"असू दे. थंडीत काही नासत नाही." त्यांनी झाकण हलकेच लावलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. "माझ्या वेळेला तू ये. बर्फ आणू नकोस."