मधुकाकांचा लांडगा

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या आमच्या पिढीतील एकाही व्यक्तीने लांडगामाणसाचा चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही. सुरुवात मात्र सर्वांना तोंडपाठ आहे. आमच्या शिक्षणातील या त्रुटीचे संपूर्ण श्रेय मधुकाकांकडे जाते.

मधुकाका पार्सल ऑफिसात कारकून होते. अविवाहित. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. वर्षभर हा मनुष्य अत्यंत सरळमार्गी असे. परंतु कोजागरीच्या सकाळी पॅसेंजरने परभणीला जाई आणि भाड्याचा व्हिडिओ, रंगीत टीव्ही व एक-दोन कॅसेटी घेऊन दुपारी परते. टीव्ही सबंध प्रवासभर त्यांच्या मांडीवर असे. संध्याकाळी तो आमच्या अंगणात स्थानापन्न होई आणि त्या रंगीत पडद्यावर बहुधा काळापांढरा चित्रपट सुरू होई.

विषय ठरलेला होता. चंद्र उगवताच ज्याच्या अंगावर केस उगवतात, असा एक सभ्य गृहस्थ. अन्य भुते काकांना वर्ज्य होती. रक्त पिणाऱ्या उमरावांविषयी तर ते तुच्छतेनेच बोलत. “त्याची रोजचीच नाईट ड्यूटी. त्यात काय मजा? आपल्या लांडग्याचं बगा, महिन्यातून एकदा. बाकी महिनाभर लय शरीफ माणूस.”

त्या दिवशी काका स्वतः दोनदा दाढी करत. सकाळी एकदा आणि चंद्रोदयापूर्वी पुन्हा. कारण विचारल्यास गंभीरपणे म्हणत, “खबरदारी म्हणून.”

चित्रपट खरोखरच देखणे असत. धुक्यात बुडालेले गाव, निष्पर्ण झाडे, आणि आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच हाताकडे अविश्वासाने पाहणारा नायक. केस टप्प्याटप्प्याने उगवत, नखे लांबत, आणि सतरंजीवर एकमेकांना बिलगून बसलेली मुले किंचाळता किंचाळता हसू लागत. बी.एस्सी.ला गेल्यापासून मी मात्र आक्षेप नोंदवू लागले. एवढ्या केसांसाठी लागणारे प्रथिन क्षणार्धात येते कोठून? सदरा चिंध्या होऊन पडतो, तर पँट शाबूत कशी राहते? मधुकाकांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, “सायन्सबाई, पँट सरकारी असंल.”

संवाद इंग्रजीत असत आणि ते कोणालाही ऐकू जाऊ नयेत इतक्या मोठ्याने काका त्यांचे भाषांतर करत. पडद्यावरचा बाप कपाळाला आठ्या घालून मुलाला खुनाविषयी जाब विचारत असे. काका सांगत, “बाप म्हणायलाय, किती वाळलास रे. जेवलास का न्हाई?”

आणि शेवट जवळ आला की विघ्न येई. बहुतेकदा काका एकदम उठत आणि म्हणत, “दूध उतू जायलंय.” कोजागरीचे आटीव दूध म्हटल्यावर सगळे धावत, तेवढ्यात कॅसेट बाहेर आलेली असे. कधी व्हिडिओचे हेड साफ करणे निघे. कधी माझे औक्षण. कोजागरीला घरातील थोरल्या अपत्याला चांदण्यात ओवाळतात, आणि आमच्या घरी थोरली मी. आई तुळशीपाशी पाट मांडी. काका चित्र थांबवून खांबाला टेकत आणि ओवाळणे संपेपर्यंत ते सारे टक लावून पाहत. नंतर चित्रपट पुढे सरकत नसे.

ही विघ्ने नेमकी केव्हा उद्भवतात, याचे निरीक्षण केल्यावर मला सूत्र सापडले. लांडगामाणूस म्हणे केवळ चांदीने मरतो. गावकऱ्यांनी चांदीच्या गोळीची बंदूक बाहेर काढली, की आमचे दूध उतू जात असे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी ठरवले, आज शेवट पाहायचाच. चंद्र दिसताच औक्षण उरकून घेतले. दूध आटवून स्टोव्ह बंद केला. हेड स्वतः पुसले आणि व्हिडिओशेजारी ठाण मांडले.

बंदूक निघाली, या खेपेला बापाच्याच हातात. काकांनी दुधाचे नाव काढले; मुलांनी एका सुरात सांगितले की स्टोव्ह बंद आहे. त्यांनी हेडकडे बोट दाखवले. मी पुसलेले कापड दाखवले. औक्षण तर त्यांच्याच समक्ष झाले होते. तेव्हा काका उठून सरळ टीव्हीसमोर उभे राहिले. मी चित्र थांबवले. पडद्यावर लांडगा जागच्या जागी थरथरत राहिला.

“चांदीच लागती ना त्याला?” काका म्हणाले. “मंग निरांजन घ्या की. थोरलं लेकरू हाय ते त्या घरचं. पुनवेला थोरल्याला ओवाळावं, तर हा बाप बंदूक घेऊन निघालाय. माणूस जनावर न्हाई होणार तर काय?”

अंगणभर हशा पिकला. मीही हसले, आणि तर्काची पुढची पायरी सहज तोंडातून निघाली. “काका, तुम्हीही थोरलेच ना? तुम्हाला कोण ओवाळतं?”

“आई होती तवर ओवाळायची.” त्यांनी गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. “तवापासून आमी दोनदा दाढी करतो.”

पुन्हा सगळे हसले. आई हसली नाही. तिने तुळशीपाशी ठेवलेले ताट उचलले, चांदीच्या निरांजनातील वात पुन्हा पेटवली आणि म्हणाली, “भाऊजी, पाटावर बसा.”

ती त्यांच्याहून वयाने बरीच लहान. “वहिनी, खामखा कशाला,” असे काहीसे पुटपुटत काका बसले, खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली. आईने आधी चंद्राला ओवाळले, मग त्यांना. कुंकू लावताना तिला त्यांची हनुवटी धरून वर करावी लागली.

आईने भरवलेला पेढा संपवून त्यांनी रुमालाची घडी खिशात ठेवली. “सायन्सबाई,” ते म्हणाले, “लाव आता पुढचं. बगू, काय करतेत त्याला.”

माझे बोट बटणावरच होते. निरांजनाचा उजेड टीव्हीच्या काचेवर, बरोबर त्या केसाळ चेहऱ्यासमोर हलत होता.

“काका,” मी म्हणाले, “दूध उतू जायलंय.”

मुलांपैकी एकानेही स्टोव्हचा उल्लेख केला नाही.