हिरवळीखालचं पाणी

गुरुवारचा तास राहणार की जाणार, या विचाराने विज्ञानाच्या बाईंना सकाळपासून दुसरं काही सुचत नव्हतं. दर गुरुवारी त्या सातवीला पाणी वाचवायला शिकवत, आणि तेही फळ्यापुढे नाही, तर थेट नळापाशी, टाकीपाशी, मीटरपाशी. मुख्याध्यापकांच्या मते हा सगळा पोरखेळ. "आज पाणीखात्याचे साहेब बघायला येतायत. त्यांनी नाक मुरडलं, की तो तास गणिताला!" असं त्यांनी बजावलंच होतं.

साहेब अकराला यायचे, म्हणून बाईंनी दहाला तालीम लावली. शाळेतले सगळे नळ दहा मिनिटं बंद, प्रत्येक नळावर एक पहारेकरी आणि बाई स्वतः मीटरपाशी. तरीही काटा फिरला, तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. "कुणीही आलं तरी नळ सोडायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही!"

आणि नेमके साहेब दहालाच टपकले! त्यातून खिशातलं पेन गळून दोन्ही हात निळे झालेले. मुख्याध्यापक त्यांना लगबगीने बेसिनपाशी घेऊन गेले. साहेबांनी भांड्यातल्या पातळ साबणाने कोपरापर्यंत हात माखले आणि वर बघितलं, तर नळावर हात ठेवून दोन वेण्यांची एक मुलगी उभी.

"सात मिनिटं थांबा, काका."

"अगं, साहेब आहेत ते! सोड नळ!" मुख्याध्यापक ओरडले.

"बाईंनी सांगितलंय, कुणीही म्हणजे कुणीही."

"मी मुख्याध्यापक आहे!"

"तुम्हीपण त्यातच आलात, सर."

तेवढ्यात बाई "काटा फिरतोय, काटा फिरतोय!" करत धावत आल्या आणि साबणाने माखलेले साहेब बघून जागच्या जागी थिजल्या. संपलं, गेला आपला तास!

"सगळे नळ बंद, तरी फिरतोय?" साहेबांनी विचारलं. "मग पाणी जातंय कुठे?"

"मीटरच बिघडलाय हो," मुख्याध्यापक घाईने म्हणाले. "आमच्याकडे थेंब वाया जात नाही. ती हिरवळ बघा ना, भर उन्हाळ्यात पाणी न घालता कशी तरारलीय!"

बाईंनी मुलीकडे बघितलं, मुलीने बाईंकडे. दुसऱ्या क्षणी मुलगी हिरवळीवर आडवी झाली आणि तिने जमिनीला कान लावला.

"बाई, आत खळखळतंय!"

"माझ्या हिरवळीला हात लावायचा नाही!" मुख्याध्यापक मध्ये आडवे आले.

"खणा हो आधी!" साहेब कडाडले. "साबण वाळून कातडी ओढायला लागलीय माझी!"

माळीकाकांनी कुदळीचे चार घाव घातले आणि फुटक्या पाइपातून असं कारंजं उडालं, की मुख्याध्यापक चष्म्यासकट चिंब झाले. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. साहेबांनी त्याच कारंज्यात शांतपणे हात धुतले, मगच मुलीने पळत जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला.

"ही गळती आमची माणसं वर्षभर शोधतायत," साहेब म्हणाले. "काखेत कळसा नि गावाला वळसा! बाई, मानलं तुम्हाला. ही फौज घेऊन आमच्या ऑफिसात कधी येताय?"

बाईंचा ऊर भरून आला. "गुरुवारी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, घसा खाकरला.

"गुरुवारीच न्या. गुरुवार बाईंचाच असतो आमच्याकडे," ते ठासून म्हणाले. "कल्पनाच माझी होती ती!"